ऑरोराचा उजेड दिसतो, पण वरची हवा तापते ती करंटने

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ऑरोराचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा अर्ध्या पानाचा फोटो छापलात. हिरवी कमान, खाली बर्फ, कोपऱ्यात एक झाड. फोटो इतका छान आलाय की मी तो कापून ठेवलाय. पण त्याच्याखाली जी चार ओळींची माहिती होती ती वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहायला बसलो. त्यात म्हटलं होतं की सूर्याकडून आलेले कण हवेवर आदळतात, त्याने उजेड पडतो आणि वरची हवा तापते, झालं. उजेडाचं ढोबळमानाने बरोबर आहे. तापण्याचं अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग सुटलाय तोच मोठा आहे. वरची हवा तापते ती जास्त करून विजेच्या करंटने, आणि हा करंट फोटोत येत नाही म्हणून त्याच्याबद्दल कोणी फारसं लिहित नाही. फक्त तुमच्याच पेपरचं असं नाही, ऑरोरावर कुठेही लेख आला की हिरवा रंग ऑक्सिजनचा, लाल पण ऑक्सिजनचाच पण जास्त उंचीवरचा, जांभळट नायट्रोजनचा, इथवर येऊन लेख संपतो.

मी शास्त्रज्ञ नाही. चाळीस वर्षं मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगचं काम केलं, त्यामुळे करंटने वस्तू तापते म्हणजे काय होतं ते मला पुस्तकातून नाही, हाताने माहिती आहे. चालू मोटर किती तापलीय ते बघायला बॉडीला पंज्याची मागची बाजू टेकवायची, तळवा नाही, कारण बॉडीत करंट उतरलेला असला तर तळव्याने मूठ आवळली जाते आणि हात सुटत नाही. तीन सेकंद हात ठेवता आला तर ठीक, नाही ठेवता आला तर लोड बघायचा. आणि वार्निश करपल्याचा वास आला की समजायचं, आता उघडावीच लागणार. ही जी उष्णता असते ना, तिलाच ज्यूल हीटिंग म्हणतात, आणि ऑरोराच्या वेळी जमिनीपासून सव्वाशे किलोमीटरवर हेच ज्यूल हीटिंग चालू असतं. हे मला रिटायर झाल्यावर वाचताना पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच उठून बाहेर जाऊन आकाशाकडे बघितलं होतं.

आता हा करंट येतो कुठून. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने, चुंबकीय वादळात, म्हणजे सूर्याकडून झोत जोरात येतो तेव्हा, त्याच्या दुप्पटही, आणि तो सूर्याचं चुंबकीय क्षेत्र बरोबर ओढत आणतो. जनरेटरमधे आपण काय करतो, चुंबकीय क्षेत्रातून कंडक्टर फिरवतो आणि व्होल्टेज तयार होतं. इथे तो वाराच कंडक्टर आहे. त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली की ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ते व्होल्टेज चुंबकीय रेषांवरून थेट ध्रुवाकडच्या आकाशात उतरतं. ध्रुवाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एरवी साधारण ५० हजार व्होल्ट असतात आणि जोरदार वादळात २ लाखांपर्यंत जातात. ऐकायला खूप वाटतं, पण ते तीनेक हजार किलोमीटरवर पसरलेलं असतं, म्हणून एका मीटरला बघाल तर वादळात ५० मिलिव्होल्टच्या आसपास, टॉर्चच्या साध्या सेलच्या तिसाव्या भागाएवढं. एवढ्याशा व्होल्टेजने काय होणार असं वाटेल, पण रुंदी इतकी प्रचंड आहे की एकूण करंट दहा लाख अँपिअर आणि वादळात त्याच्या कितीतरी वर जातो.

बरं, हा करंट तारेतून नाही तर हवेतून वाहतो, आणि तोही सगळ्या उंचीवर वाहत नाही, हे मला सगळ्यात भारी वाटलं. ३०० किलोमीटरवर हवा इतकी विरळ की आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेलेले हवेचे अणू-रेणू, आणि इलेक्ट्रॉन दोघंही चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत घेत एकाच दिशेला, एकाच वेगाने सरकतात. दोघं बरोबर चालले, एक धन एक ऋण, म्हणजे करंट शून्य. खाली ८० किलोमीटरच्या आत आलात तर विद्युतभारित कणच फार कमी आणि हवा इतकी दाट की काही नीट वाहत नाही. मधल्या पट्ट्यात, साधारण १०० ते १५० किलोमीटरमधे, खरी गंमत आहे. तिथे इलेक्ट्रॉन सेकंदाला पंधरा लाख गिरक्या मारतो, त्याला हवेच्या रेणूंचे धक्के बसले तरी फारसं बिघडत नाही, तो आपला सरकत राहतो. आयन मात्र जड, त्याच्या सेकंदाला पंचवीस-तीसच गिरक्या, आणि १२५ किलोमीटरच्या आसपास त्याची एक गिरकी पुरी व्हायच्या आतच हवेचा रेणू येऊन धडकतो. प्रत्येक धडकेनंतर तो थांबतो, मग विद्युतक्षेत्र, म्हणजे तेच दर मीटरमागचं व्होल्टेज, त्याला आपल्या दिशेने परत ढकलतं, परत धडक, परत ढकल. अशा रितीने आयन विद्युतक्षेत्राच्या दिशेला खेचला जातो, इलेक्ट्रॉन जात नाही, आणि दोघांची ही फारकत म्हणजेच करंट. याला पेडरसन करंट म्हणतात, डॅनिश इंजिनिअर पेडरसन यांच्या नावावरून. ज्या धडकांमुळे करंट तयार होतो त्याच धडकांनी हवा तापते. तळहात एकमेकांवर घासल्यावर गरम होतात ना, तसं आयनांचा झोत साध्या हवेवर घासला जातो.

किती जोरात घासला जातो ते पण सांगतो. मीटरला ५० मिलिव्होल्ट असले की वरच्या आयनांचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास जातो. हवा जर जागच्या जागी असेल तर एवढ्या घर्षणाने आयनांचं तापमान हजारेक अंशांनी चढतं, आणि हे नुसतं गणित नाही, नॉर्वेत ट्रोम्सोजवळ आयस्कॅट या संशोधन संस्थेचं रडार १९८० च्या दशकापासून हे मोजतंय, जमिनीवरून रेडिओ लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या अगदी क्षीण प्रतिध्वनीवरून वरच्या आयनांचं तापमान काढायचं.

इथे एक फरक सांगायला पाहिजे, नाहीतर माझ्यासारखा वायंडिंगवाला फसतो. मोटरमधे तांबं जागेवर असतं, ते कुठे जात नाही. आकाशात ज्याला आपण रेझिस्टन्स म्हणतो ती हवाच आहे आणि ती मोकळी आहे. आयनांनी तासन्तास ढकलल्यावर ती हवा पण त्यांच्या दिशेने वाहायला लागते, सेकंदाला शेकडो मीटर वेगाचे वारे सुटतात, आणि मग आयन आणि हवा यांच्यातला फरक कमी झाला की घर्षणही कमी होतं. उलट विद्युतक्षेत्र एकदम फिरलं आणि वारा मात्र जुन्याच दिशेने वाहत राहिला तर घर्षण वाढतं. त्यामुळे नुसता करंट बघून उष्णता काढता येत नाही, वारा पण माहिती पाहिजे, आणि त्या उंचीवरचा वारा मोजणं हे भलतंच अवघड काम आहे.

आता आकडा बघू. मीटरला ५० मिलिव्होल्ट आणि त्या सगळ्या थराची मिळून वाहकता १० सीमेन्स धरली, ऑरोराच्या भागात असे आकडे नेहमीचे आहेत, तर व्होल्टेजचा वर्ग गुणिले वाहकता केल्यावर येतात चौरस मीटरला २५ मिलिवॅट. तुम्ही म्हणाल, हे काय, सूर्याचा प्रकाश पृथ्वीपाशी चौरस मीटरला १३६१ वॅट असतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. पण तो सूर्यप्रकाश वरच्या हवेतून जवळजवळ तसाच आरपार खाली येतो. वरची हवा शोषते ते सूर्याचे टोकाचे अतिनील किरण, आणि त्यांची एकूण शक्ती चौरस मीटरला काही थोडे मिलिवॅट एवढीच. म्हणजे ऑरोराच्या पट्ट्यात वादळाच्या वेळी करंटची उष्णता तिथल्या उन्हाच्या उष्णतेच्या कितीतरी पट असू शकते, आणि तीही ध्रुवाकडच्या लांब रात्रीत, जिथे ऊन पोचतच नाही. तिथली हवा इतकी विरळ की उष्णता दुसरीकडे गेली नाही तर एवढे मिलिवॅट तासाभरात तिला शंभर-दोनशे अंश चढवायला पुरतात. सगळ्या पृथ्वीचा हिशोब धरला तर एरवी करंटची उष्णता उन्हाच्या मानाने बरीच कमी असते, पण मोठ्या वादळात ती हजार गिगावॅटच्या वर जाते आणि काही तासांसाठी उन्हालाही मागे टाकते. कण आदळून मिळणारी उष्णता, म्हणजे तुमच्या चार ओळींमधली, ती पण असतेच, पण वाटा बघितला तर लहान.

हे सगळं कळायला माणसाला किती वेळ लागला ते वाचण्यासारखं आहे. १७४१ मधे स्वीडनच्या उपसाला गावात सेल्सिअस आणि त्यांचा मदतनीस ह्योर्टर यांच्या लक्षात आलं की ऑरोरा दिसतो तेव्हा होकायंत्राची सुई हलते. तापमापकाच्या अंशांवर ज्यांचं नाव आहे तेच हे सेल्सिअस. म्हणजे वर कुठेतरी करंट वाहतोय हा पुरावा हातात होता, पण करंट आणि चुंबक यांचं नातंच तेव्हा माहिती नव्हतं, ते कळायला अजून ऐंशी वर्षं जायची होती. मग नॉर्वेचे क्रिस्तियन बिर्कलँड. त्यांनी १९०२-०३ च्या हिवाळ्यात नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेमल्या अशा चार ठिकाणी माणसं आणि उपकरणं ठेवून सुयांच्या नोंदी घेतल्या, त्या थंडीत, त्या काळात, आणि त्यावरून सांगितलं की हा करंट बाहेरून, अवकाशातून चुंबकीय रेषांवरून खाली येतो, ऑरोराच्या थरात आडवा वाहतो आणि परत वर जातो. पूर्ण सर्किट. त्यांनी निर्वात पेटीत चुंबक बसवलेला गोळा ठेवून त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडले आणि त्या गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजेडाची कडी करून दाखवली. तरी पुढची पन्नास वर्षं मोठमोठ्या लोकांनी ते मानलं नाही. इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांचं म्हणणं होतं की करंट वरच्या हवेतच गोल फिरतो, बाहेरून काही येत नाही. निकाल लागला तो १९६६ मधे, अमेरिकन नौदलाच्या एका सॅटेलाइटवर ११०० किलोमीटर उंचीवर चुंबकमापक होता आणि तो ऑरोराच्या पट्ट्यावरून जाताना दरवेळी हलत होता. बिर्कलँड तोपर्यंत जाऊन पन्नास वर्षं होत आली होती, १९१७ मधे टोकियोत वारले. आता त्या उभ्या करंटला त्यांचंच नाव आहे.

पण भांडण इतकं लांबलं का, याचं कारण फार महत्त्वाचं आहे, आणि ते आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. त्या थरात दोन करंट असतात. एक पेडरसन, जो विद्युतक्षेत्राच्या दिशेने जातो आणि हवा तापवतो. दुसरा हॉल करंट, जो क्षेत्राला आडवा जातो आणि स्वतः उष्णता देत नाही. पेडरसन करंट उभ्या बिर्कलँड करंटला जोडलेला असतो आणि या दोघांचे चुंबकीय परिणाम जमिनीवर जवळजवळ एकमेकांना मारून टाकतात. हे गणित जपानचे फुकुशिमा यांनी मांडलं. म्हणजे जमिनीवर सुई हलते ती बहुतेक हॉल करंटमुळे. जो करंट उष्णता देत नाही तो जमिनीवर दिसतो, आणि जो उष्णता देतो तो जमिनीवरून लपलेला राहतो. बिर्कलँडनी शंभर ठिकाणी सुया ठेवल्या असत्या तरी जमिनीवरून हा वाद मिटला नसता. आजही जमिनीवरच्या चुंबकमापकांवरून उष्णतेचा अंदाज काढतात तेव्हा एका करंटवरून दुसऱ्याचा अंदाज बांधावा लागतो.

आणि आता तुमच्या फोटोकडे येतो. आपल्याला वाटतं की जिथे उजेड जास्त तिथे हवा जास्त तापत असणार. तसं नसतं. चमकणाऱ्या कमानीत कण आदळून हवेची वाहकता खूप वाढलेली असते, आणि वाहकता वाढली की तिथलं विद्युतक्षेत्र पडतं, जसं जाड तारेत व्होल्टेज ड्रॉप कमी. उष्णता तर क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून. त्यामुळे बऱ्याच वेळा कमानीच्या आत क्षेत्र कमी आणि कमानीला लागून असलेल्या काळ्या पट्टीत क्षेत्र जोरात, आणि मोठं हीटिंग त्या काळ्या पट्टीत. रडारने हे परत परत दिसलंय. कॅमेरा धरणारा माणूस उजेडाकडे कॅमेरा धरतो, धरणारच, आणि आकाश जिथे जास्त तापतंय ती जागा फ्रेमच्या कडेला किंवा बाहेर.

वर्गावरून आठवलं. एकदा माझ्याकडे एक मोटर परत परत जळून येत होती. मालक म्हणायचा करंट रेटिंगच्या आत आहे, दिवसभराच्या नोंदी काढून दाखवायचा, सरासरी बरोबर यायची. जाऊन बघितलं तर लोड कधी रिकामा कधी दुप्पट, अर्धा दिवस मोटर नुसती फिरतेय आणि अर्धा दिवस मरतेय. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे सरासरीत दिसत नाही. आकाशात नेमकं हेच. समजा एका जागी क्षेत्र कधी २० कधी ८० मिलिव्होल्ट आहे. सरासरी ५०, तिचा वर्ग २५००. पण २० चा वर्ग ४०० आणि ८० चा ६४००, त्यांची सरासरी ३४००. म्हणजे सरासरी क्षेत्र धरून हिशोब केला तर उष्णता चौथ्या हिश्शाहून जास्त कमी दाखवली जाते. वरच्या हवेची जी कॉम्प्युटर मॉडेल आहेत त्यांच्या चौकटी शेकडो किलोमीटरच्या, आतली ही छोटी छोटी वरखाली त्यांना दिसत नाही, आणि १९९० च्या दशकात हे लक्षात आल्यापासून कित्येक मॉडेलमधे उष्णतेला वरून एक गुणक लावून ती वाढवून घेतात म्हणजे मग सॅटेलाइटशी जुळते. मला हे वाचून फार अस्वस्थ वाटलं होतं. गुणक लावणं चूक नाही, कामच तसं आहे, पण त्याचा अर्थ असा की ही उष्णता नेमकी किती हे अजून थेट मोजलेलं नाही, जुळवून घेतलेलं आहे.

मोजलेलं का नाही, तर ती उंचीच अडचणीची. फुगे ४० किलोमीटरच्या आसपास थांबतात. सॅटेलाइट १५० किलोमीटरवर टिकत नाही, हवा त्याला एखाद-दोन दिवसांतच खाली ओढते. संशोधनाची छोटी रॉकेट जातात पण काही मिनिटांत त्या थरातून बाहेर पडतात. म्हणून रडार, म्हणून वरून जाणारी सॅटेलाइट. युरोपची स्वॉर्म नावाची तीन सॅटेलाइट २०१३ पासून वरून चुंबकीय क्षेत्र मोजतायत, आणि मार्च २०२५ मधे नासाने इझी नावाची तीन छोटी सॅटेलाइट सोडली, ती खालच्या ऑक्सिजनमधून येणाऱ्या सूक्ष्मलहरी बघून त्या थराच्या जरा खालच्या चुंबकीय क्षेत्राचा आणि त्यावरून करंटचा नकाशा काढतात, म्हणजे त्या उंचीवर न जाता. ही बातमी पण तुमच्याकडे मोठी यायला हवी होती असं मला वाटतं.

आता कोणी विचारेल की एवढ्या वर हवा तापली तर आपल्याला काय. तापलेली हवा फुगते. खालचा थर फुगला की वरची सगळी हवा उचलली जाते, आणि ४०० किलोमीटरवर, जिथे आधी हवा अगदी नावाला होती, तिथे घनता दुप्पट-तिप्पट होते. नावाला म्हणजे किती, तर तिथल्या एक घन किलोमीटरमधली सगळी हवा गोळा केली तर काही ग्रॅम भरेल. पण सॅटेलाइट सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगाने जातो. समोरून दहा चौरस मीटर असलेला सॅटेलाइट साडेतीन-चार तासांत एक घन किलोमीटर हवा कापतो, दिवसरात्र, महिनोन् महिने, आणि प्रत्येक ग्रॅम त्याला थोडा थोडा मागे ओढतो. तेवढ्याच वेळात तीनच्या जागी नऊ ग्रॅम लागले तर कक्षा तिप्पट वेगाने खाली येते. आणि हे फक्त ध्रुवाजवळ होत नाही. ध्रुवाकडे तापलेल्या हवेतून लाटा निघतात, सेकंदाला ५०० ते ८०० मीटर वेगाने, आणि काही तासांत विषुववृत्तावरची हवाही दाटते, जिथल्या आकाशात ऑरोराचा ठिपकाही दिसलेला नसतो.

३ फेब्रुवारी २०२२ ला स्पेसएक्सने ४९ स्टारलिंक सॅटेलाइट सोडली आणि आधी जमिनीपासून जेमतेम २१० किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या कक्षेत ठेवली. त्याच वेळी एक चुंबकीय वादळ आलं, फार मोठं पण नव्हतं, वादळांच्या श्रेणीत लहानच. तरी त्या उंचीवरचं घर्षण आधीच्या वेळांपेक्षा निम्म्याने वाढलं आणि ४९ पैकी ३८ सॅटेलाइट वर चढूच शकली नाहीत, परत येऊन जळाली. मार्च १९८९ चं वादळ लोकांना आठवतं ते कॅनडाच्या क्विबेकमधे साठ लाख लोकांची वीज गेली म्हणून, पण त्याच वादळाने वरची हवा एवढी फुगली की कितीतरी सॅटेलाइट आणि तुकड्यांच्या कक्षा परत शोधून काढाव्या लागल्या, आणि सूर्याचाच अभ्यास करायला १९८० मधे सोडलेला सोलर मॅक्स सॅटेलाइट, ऊन आणि वादळं दोन्हीच्या माऱ्याने खाली येत येत त्याच वर्षीच्या डिसेंबरमधे जळून गेला. मे २०२४ मधे जे वादळ आलं ते २००३ नंतरचं सगळ्यात वरच्या श्रेणीतलं पहिलं, जगभर लोकांनी मोबाइलवर गुलाबी आकाशाचे फोटो काढले, आणि त्याच दोन दिवसांत हजारो सॅटेलाइटना एकदम उंची सावरण्यासाठी इंजिनं चालवावी लागली. एकाच वेळी एवढ्या वस्तू जागा बदलायला लागल्या तर कोण कुठे असेल याचा अंदाज चुकतो आणि टक्कर होण्याची भीती वाढते. फोटो सगळ्यांनी छापले, हे कोणी छापलं?

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका, कारण माझ्या ओळखीतल्या दोघांनी लगेच हेच विचारलं, की मग ग्लोबल वॉर्मिंग यानेच होतं का. नाही. ती उष्णता खाली आपल्यापर्यंत येत नाही, वरच्या हवेत वस्तुमानच इतकं कमी की खालच्या हवेला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय वरच्या हवेला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे. वादळात तिथे नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि ते ५.३ मायक्रोमीटरच्या अवरक्त लहरींनी उष्णता बाहेर अवकाशात फेकतं. नासाचा टाइम्ड नावाचा सॅटेलाइट हे २००२ पासून बघतोय. एक-दोन दिवसांत हवा परत थंड होते, कधी कधी तर वादळाच्या आधी होती त्यापेक्षाही थंड आणि विरळ. उलट कार्बन डायऑक्साइड वाढला की खालची हवा तापते पण वरची हवा थंड होऊन आकसते, आणि गेल्या काही दशकांत तसं होताना दिसलं आहे. एका बाजूने हळूहळू आकसणं आणि दुसऱ्या बाजूने वादळात एकदम फुगणं, या दोन्हींचा मेळ घालून सॅटेलाइटची कक्षा सांगायची असते.

आणि हे फक्त पृथ्वीपुरतं पण नाही. गुरू सूर्यापासून इतका लांब की ऊन धरून हिशोब केला तर त्याच्या वरच्या हवेचं तापमान शून्याखाली सत्तरेक अंश यायला हवं, प्रत्यक्षात ते चारशे अंशांच्या वर निघालं, आणि कित्येक वर्षं कोणाला कळत नव्हतं की ही उष्णता येते कुठून. २०२१ मधे अमेरिकेच्या हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने काढलेल्या नकाशात दिसलं की ती गुरूच्या ऑरोराकडून निघते आणि तिथून विषुववृत्ताकडे पसरते. शनीवर पण कॅसिनी यानाने शेवटच्या फेऱ्यांत जे मोजलं त्यावरून तेच दिसलं. म्हणजे आपल्याकडे जे काही तास चालतं ते तिकडे कायम चालू असतं.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी ऑरोराचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली करंटबद्दल दोन ओळी तरी असू द्या, त्या वादळात वरची हवा किती दाटली आणि सॅटेलाइटचं काय झालं हे पण विचारून छापा, माहिती मिळते, आता ती उघडपणे रोज प्रसिद्ध होते. आणि एक अजून. मी कापून ठेवलेल्या फोटोत कमानीच्या वरच्या बाजूचा अंधार अगदी कमानीला चिकटून कापलाय, पानात बसवायला कापला असेल. पुढच्या वेळी तो काळा भाग राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक